साट्याच्या करंज्या आणि दोन ओहम

दिवाळीच्या आधी आमच्या घरी माळा आवरण्याचा कार्यक्रम असतो. मी शिडीवर चढून एकेक वस्तू दाखवायची, सौ.ने खालून "हे टाकायचं ना?" असं विचारायचं आणि मी "असू दे" म्हणायचं, असा तो दरवर्षीचा प्रयोग. यंदा अगदी मागच्या कोपऱ्यातून एक पत्र्याची ट्रंक निघाली. ती मात्र "असू दे" म्हणून परत ढकलता आली नाही, कारण तिची कडी गंजून तुटली होती आणि खाली उतरवेपर्यंत आतला सगळा ऐवज हॉलभर झाला होता.

ऐवज म्हणजे कागद. जुन्या जन्मपत्रिका असतात ना, उलगडत गेलं तरी संपत नाहीत, तसे दहा-दहा, बारा-बारा फूट लांब कागद. फरक एवढाच की पत्रिका गुंडाळलेली असते, हे घडी घातलेले. त्यावर वरपासून खालपर्यंत वाकड्यातिकड्या रेघा. सुट्टीला आलेल्या पुतण्याने एक टोक धरून विचारलं, "काका, हा ईसीजी कुणाचा?"

"विहिरीचा," मी म्हटलं.

नातेवाईकांपैकी बहुतेकांना मी 'तेलाच्या कंपनीत होतो' एवढंच माहीत आहे. (आत्या अजूनही विचारते, तुला पेट्रोल स्वस्तात मिळत असेल ना रे?) नक्की काय करत होतो हे मीही कधी धड सांगितलं नाही. तर तेलविहिरीत उपकरणं सोडून खडकांची मोजमापं घ्यायची, त्यांच्या अशा रेघा काढायच्या आणि त्या रेघा वाचून तेल आहे की पाणी ते सांगायचं, हे माझं काम. या रेघांच्या कागदाला म्हणतात लॉग. तीस-एकतीस वर्षं मी लॉग वाचले.

त्या ढिगात १९८९ सालचा एक लॉग होता. त्यावर मधल्या अठरा मीटरच्या पट्ट्याशेजारी पेन्सिलीने, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : "पाणी. चाचणी नको."

तो कागद मी बाजूला काढून ठेवला. त्याच्याबद्दल शेवटी सांगतो. पण ते कळायला आधी थोडा इतिहास सांगायला हवा. तो माझ्या जन्माच्याही आधीचा आहे आणि निदान मला तरी तो फार आवडतो.

विहीर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रहाट येतो. तेलाची विहीर म्हणजे जेमतेम वीतभर रुंदीचं आणि दोन-तीन किलोमीटर खोल असं भोक. त्यात डोकावून काही दिसत नाही, कारण ते चिखलाने भरलेलं असतं. खोदताना खडकाचा चुरा वर येतो, पण पोह्यांत शेंगदाणे, मिरच्या, कोथिंबीर सगळं मिसळावं तसा येतो. कुठला तुकडा नक्की किती खोलीवरचा, ते सांगणं कठीण. अखंड खडकाचा दांडा कापून वर काढता येतो, त्याला कोअर म्हणतात. पण ते काम वेळखाऊ आणि महागडं. मग खाली काय आहे ते कळायचं कसं?

हा प्रश्न सोडवला फ्रान्समधल्या दोन भावांनी. काँराद आणि मार्सेल श्लुंबर्जे. थोरला काँराद पॅरिसच्या खाणविद्येच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. जमिनीत वीज सोडून आतल्या खडकांचा अंदाज घ्यायचा, ही त्याची कल्पना. १९१२ च्या सुमारास त्याने नॉर्मंडीत त्याचे प्रयोग केले. महायुद्ध मध्ये आलं. ते संपल्यावर १९१९ मध्ये वडिलांनी दोन्ही मुलांना भांडवल दिलं आणि वर बजावलं की पैशापेक्षा शास्त्राला वरचं स्थान द्या. (वडील कापड धंद्यातले होते हे लक्षात घ्या. असे वडील सगळ्यांना मिळोत.)

जमिनीवरून मोजण्याऐवजी विहिरीतच उपकरण सोडलं तर? हा प्रयोग झाला ५ सप्टेंबर १९२७ रोजी, आल्सास प्रांतातल्या पेशेलब्रॉनला. या नावाचा अर्थच डांबराचा झरा. प्रयोगाचं काम होतं काँरादचा जावई हेन्री डॉल याच्याकडे, वय वर्षं पंचवीस. उपकरण केबलने खाली सोडायचं, एक मीटर वर ओढायचं, थांबायचं, वीज सोडून मोजमाप घ्यायचं, आकडा वहीत लिहायचा, पुन्हा एक मीटर. नंतर ते आकडे कागदावर मांडून हाताने रेघ काढली. तो जगातला पहिला विद्युत लॉग.

या तंत्राला त्यांनी नाव दिलं 'विजेचं कोअर काढणं'. फ्रेंचमध्ये कोअरला आणि गाजराला एकच शब्द आहे, कारोत. म्हणजे शब्दशः विजेचं गाजर! आणि खाली सोडायच्या उपकरणाला म्हणतात सोंद. आमच्याकडचे मदतनीस त्याला सरळ 'सोंड' म्हणायचे. मला तेच नाव जास्त बरोबर वाटत आलंय.

यामागचं तत्त्व साधं आहे. वाळूचे कण वीज वाहून नेत नाहीत. कणांच्या मधल्या पोकळीत खारं पाणी असेल तर त्यातून वीज सहज जाते. त्या पोकळीत तेल किंवा वायू असेल तर अडते. म्हणजे सच्छिद्र खडकात विजेला होणारा रोध जास्त दिसला की तिथे तेल असण्याची शक्यता. हा रोध ओहम-मीटरमध्ये मोजतात, आम्ही बोलताना नुसतं 'ओहम' म्हणायचो. दोन ओहमचा थर, वीस ओहमचा थर वगैरे.

पहिल्या लॉगमध्ये दर मीटरला एक मोजमाप होतं. मग मीटरपेक्षा पातळ थराचं काय? या एका प्रश्नामागे लोक पुढे सत्तर-ऐंशी वर्षं धावत होते.

तुम्ही म्हणाल, मग मोजायचं दर सेंटीमीटरला, त्यात काय? तर तसं होत नाही. खोदताना वापरलेला चिखल विहिरीच्या भिंतीत झिरपतो आणि जवळचं तेल मागे ढकलतो. त्यामुळे भिंतीला चिकटून मोजलं की खडकाचा नव्हे, चिखलाच्या पाण्याचाच रोध कळतो. खरं काय ते बघायचं तर मीटर-दीड मीटर आत बघायला हवं. त्यासाठी सोंडेवरची विजेची टोकं एकमेकांपासून लांब ठेवावी लागतात. आणि टोकं लांब गेली की उपकरण तेवढ्या सगळ्या उंचीची सरासरी घेतं. खोल बघावं तर बारीक दिसत नाही, बारीक बघावं तर खोल दिसत नाही.

१९३० आणि ४० च्या दशकांत टोकांची अंतरं ठरून गेली होती. सोळा इंच, चौसष्ट इंच आणि अठरा फूट आठ इंच. यातली एक गंमत (ज्याच्या विहिरीत घडली त्याला ती गंमत वाटली नसणार) अशी की, टोकांमधल्या अंतरापेक्षा जास्त रोधाचा थर पातळ असला तर चौसष्ट इंची रेघ वर जाण्याऐवजी चक्क खाली यायची. तेल असलेल्या जागी खड्डा दिसायचा!

१९४२ मध्ये शेल कंपनीतल्या गस आर्ची या इंजिनिअरने एक निबंध छापला. वाळूच्या खडकाचे नमुने घेऊन, त्यात खारं पाणी भरून त्याने रोध मोजले आणि एक सूत्र दिलं. खडक किती सच्छिद्र आहे, त्यातलं पाणी किती खारं आहे आणि लॉगवर रोध किती आलाय, हे त्यात घातलं की पोकळीत पाणी किती टक्के आणि तेल किती टक्के याचं उत्तर मिळतं. आमच्या धंद्याचा हा पाढाच. झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल असा.

मात्र आर्चीने हे काढलं होतं स्वच्छ वाळूसाठी. आणि निसर्गात वाळू नेहमी स्वच्छ नसते. तिच्यासोबत चिकणमातीचा खडक असतो, त्याला म्हणतात शेल. (शेल नावाची कंपनी वेगळी आणि शेल नावाचा खडक वेगळा. मराठीत दोन्ही सारखंच लिहावं लागतं, सांभाळून घ्या.) शेलमध्ये पाणी भरपूर असतं, पण ते बारीक मातीत अडकलेलं असतं. शेल वीज उत्तम वाहून नेतो आणि तेल मात्र देत नाही.

आता स्वयंपाकघरात चला. आमच्याकडे साट्याच्या करंज्या होतात. पोळ्या लाटायच्या, प्रत्येक पोळीला तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा लावायचा, एकावर एक रचून गुंडाळी करायची, कापायची, पुन्हा लाटायची. तळल्यावर पदर सुटतात. प्रत्येक पदर कागदासारखा पातळ. जमिनीखालचे काही तेलसाठे नेमके असे असतात. सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर वाळू, मग तेवढाच शेल, पुन्हा वाळू, पुन्हा शेल, असं पंधरा-वीस मीटर. डोळे मिटून करंजी खाणारा फार तर 'खुसखुशीत आहे' एवढं सांगेल. पदर किती, साटा किती, ते त्याला कसं सांगता येणार?

आता थोडं गणित. घाबरू नका, नववीतलं आहे. समजा, अर्धी वाळू आणि अर्धा शेल. वाळूत तेल आहे म्हणून तिचा रोध २०. शेलचा रोध १. विजेला थरांच्या बाजूने, म्हणजे आडवं जाऊ दिलं तर मिळणारा रोध किती? बरेच जण म्हणतील साडेदहा. पण उत्तर येतं १.९!

कारण हे दोन समांतर रस्ते आहेत. एका रस्त्यावर कितीही कोंडी असू दे, शेजारचा मोकळा असेल तर सगळी वाहतूक तिकडून निघून जाते. वाळूतलं तेल आणखी वाढलं आणि तिचा रोध २० वरून १०० झाला, तरी एकूण आकडा १.९ वरून १.९८ होतो. म्हणजे काहीच कळत नाही. शेल सगळी वीज आपल्या अंगावर घेतो आणि शेजारच्या वाळूत काय आहे ते झाकून टाकतो.

तीच वीज थर छेदत उभी गेली तर? मग रस्ता एकच, आणि त्यावर एकाआड एक रेल्वेफाटकं. प्रत्येक फाटकाला थांबावंच लागतं. तेव्हा रोध खरोखरच साडेदहा येतो. वाळूचा १०० झाला तर साडेपन्नास. तोच खडक, तेच तेल. कुठल्या दिशेने विचारलं त्यावर दोन ओहम की पन्नास ओहम ते ठरतं.

आणि आमच्या सरळ उभ्या विहिरीतलं उपकरण कुठल्या दिशेने विचारायचं? आडव्या. हेन्री डॉलनेच महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, इंडक्शन लॉगचं तंत्र मांडलं. युद्धकाळात त्याने जमिनीतले सुरुंग शोधण्याच्या यंत्रावर काम केलं होतं, त्यातलंच हे तारेच्या वेटोळ्यांचं ज्ञान. सोंडेतल्या वेटोळ्यामुळे भोवतालच्या खडकात विजेचे गोल प्रवाह तयार होतात, हातात बांगड्या असाव्यात तसे विहिरीभोवती आडवे. पुढची पन्नास वर्षं आम्ही जगभर हेच उपकरण वापरलं. थर आडवे, बांगड्याही आडव्या. म्हणजे पातळ थरांच्या साठ्यात आमचा प्रश्न दरवेळी मोकळ्या रस्त्यालाच विचारला जात होता.

इथवर कुणालाही वाटेल की बिचाऱ्यांना माहीत नव्हतं. मलाही नोकरीत असताना तसंच वाटायचं. पण निवृत्तीनंतर मी जुने निबंध शोधून वाचायला लागलो आणि एकेक साल बघून गप्पच झालो.

दिशेप्रमाणे वेगळा रोध दाखवणाऱ्या खडकांवर एक निबंध छापून आला होता १९३२ मध्ये. त्याच्या दोन लेखकांपैकी एक कोण? हेन्री डॉल! म्हणजे ज्याने पहिला लॉग घेतला त्यालाच पाच वर्षांत हे ठाऊक होतं. वाळू-शेलच्या पातळ थरांचा समांतर रस्त्यांचा हिशोब पुपॉन, लॉय आणि तिक्सिए यांनी मांडला १९५४ मध्ये. विहिरीतल्या मोजमापांवर या दिशाभेदाचा परिणाम काय होतो ते कुंझ आणि मोरान यांनी दाखवलं १९५८ मध्ये. आणि १९७५ मध्ये थॉमस आणि स्टीबर यांनी फार सुंदर गोष्ट केली. ते म्हणाले, शेल खडकात तीन प्रकारे बसतो : थरांच्या रूपात, वाळूच्या पोकळीत मिसळून किंवा वाळूच्या कणासारखे कण होऊन. तिन्ही प्रकारांत सच्छिद्रता वेगवेगळ्या रीतीने बदलते. त्यामुळे प्रत्येक थर वेगळा दिसला नाही तरी हरकत नाही. गॅमा लॉगवरून शेल किती ते काढा, दुसऱ्या लॉगवरून सच्छिद्रता काढा, आणि एका त्रिकोणी आलेखावरून वाळूच्या थरांचा एकूण वाटा किती आणि त्या वाळूची स्वतःची सच्छिद्रता किती, ते सांगा. करंजी न फोडता साटा मोजायची युक्तीच म्हणा ना.

म्हणजे कागदावर सगळं होतं. तरीही ठिकठिकाणी माझ्यासारखे लोक पातळ थरांच्या पट्ट्यांवर काट मारत होते. का?

एक कारण म्हणजे कट-ऑफ. अमुक ओहमच्या खाली असेल तर तेल नाही, असा एक आकडा प्रत्येक क्षेत्रासाठी ठरलेला असायचा. तो आकडा जाड, स्वच्छ वाळूच्या अनुभवावरून आलेला. तो बदलायचा तर कुणीतरी जबाबदारी घ्यायला हवी. चाचणीचा खर्च मोठा, आणि पाणी निघालं तर नाव कुणाचं? काट मारली तर मात्र कुणी विचारायला येत नाही. जे तेल काढलंच नाही त्याचा हिशोब कोण मागणार?

दुसरं कारण, असे थर मुळात का असावेत याचं चित्रच मनात नव्हतं. ते चित्र आलं वेगळ्याच वाटेने. १८ नोव्हेंबर १९२९ रोजी न्यूफाउंडलंडजवळ समुद्रात भूकंप झाला. जवळच्या तारायंत्राच्या केबल लगेच तुटल्या, पण उताराखालच्या, लांबच्या केबल पुढच्या काही तासांत एकामागून एक क्रमाने तुटत गेल्या. भूकंप तर थांबला होता, मग तोडत कोण चाललं होतं? १९५२ मध्ये हीझन आणि यूइंग यांनी उत्तर दिलं : समुद्रतळावरून वाहत गेलेला गाळाचा लोंढा. असे लोंढे समुद्राखाली नदीसारखी पात्रं कोरतात, आणि पात्राबाहेर सांडले की काठावर वाळू आणि चिखलाचा एक पातळ थर ठेवून जातात. पुढच्या लोंढ्याचा पुढचा थर. पूर ओसरल्यावर अंगणात काय उरतं ते सांगली-कोल्हापूरकडच्या मंडळींना मी सांगायला नको. तेच समुद्राखाली, हजारो वेळा.

पुढे तेल कंपन्या खोल समुद्रात गेल्या तेव्हा त्यांना हेच काठ भेटले. मेक्सिकोच्या आखातात राम-पॉवेल नावाचं क्षेत्र आहे. (राम ऐकून आपले कान टवकारतात, पण तो राम वेगळा.) जवळजवळ एक किलोमीटर खोल पाण्यातलं हे क्षेत्र १९९७ मध्ये सुरू झालं आणि तिथल्या एका महत्त्वाच्या साठ्यात अशाच काठावरच्या पातळ थरांतून तेल-वायू काढला गेला. थर पातळ असले तरी दूरवर अखंड पसरलेले असू शकतात, त्यामुळे विहिरीकडे तेल वाहून येतं, हे तेव्हा लोकांना पटलं. आपल्याकडे कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या खोल समुद्रातही याच जातीचे साठे आहेत. मराठी माणसाला तेल म्हटलं की १९७४ मध्ये सापडलेलं मुंबई हाय आठवतं, पण तिथला मुख्य साठा चुनखडकातला, ती कथा निराळी.

आणि तिसरं कारण, उपकरणं. तीही हळूहळू आली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात विहिरीच्या भिंतीचं विजेने चित्र काढणारं उपकरण आलं. त्यात अर्ध्या सेंटीमीटरचा बारकावा दिसायचा. ते चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून 'अरे!' एवढंच निघालं. इतकी वर्षं जी गुळगुळीत रेघ बघत आलो तिच्या आत हे सगळे पट्टे होते तर! मग २००० च्या सुमारास तीन दिशांना वेटोळी असलेलं इंडक्शन उपकरण आलं. बांगड्या आडव्याही आणि उभ्याही. आडवा रोध दोन, उभा दहा, असे दोन्ही आकडे एकाच सोंडेतून. डॉलच्या १९३२ च्या निबंधानंतर जवळजवळ सात दशकांनी विहिरीतून दोन्ही दिशांना प्रश्न विचारला गेला.

लगेच सांगतो, याची उलटी चूकही होते. हे सगळं कळल्यावर काही जणांना जिथे तिथे पातळ थरांत तेल दिसायला लागलं. प्रत्येक दोन ओहममागे तेल नसतं. बरेचदा तिथे खरंच पाणीच असतं, किंवा वाळू इतकी बारीक की त्यातून काही वाहत नाही. म्हणून दोन्ही दिशांचे रोध, भिंतीचं चित्र, कोअर, चुरा, सगळं एकत्र ठेवून बघायचं असतं. आणि इथेच तो १९८९ चा कागद येतो.

कुठली विहीर, कुठली कंपनी, ते सोडून द्या. विहीर खोदली होती खालच्या एका मोठ्या थरासाठी, तो कोरडा निघाला. सगळ्यांचा मूड गेलेला. त्याच्या बराच वर हा अठरा मीटरचा पट्टा. गॅमा मधोमध, म्हणजे धड वाळू नाही, धड शेल नाही. रोध दोन ओहम. आमचा कट-ऑफ होता तीन. तरी मी आर्चीचं सूत्र लावलं. त्या भागातल्या पाण्याने भरलेल्या स्वच्छ वाळूचा रोध ०.८. त्यावरून पाणी आलं त्रेसष्ट टक्के. म्हणजे बाद.

पण रिगवरच्या भूशास्त्रज्ञाच्या तक्त्यात त्या खोलीच्या चुऱ्यात तेलाची चकाकी दिसल्याची नोंद होती. ती मी वाचली होती. "वरून कुठून तरी मिसळलं असेल" असं म्हणून सोडून दिली. त्याहून वाईट म्हणजे त्या पट्ट्यातून नऊ मीटर कोअर काढलेला होता. लाकडी पेट्यांत भरून मागच्या शेडमध्ये ठेवला होता. तो भूशास्त्रज्ञ मला म्हणालाही, "साहेब, एकदा बघून तर घ्या." मला संध्याकाळपर्यंत रिपोर्ट पाठवायचा होता आणि रात्रीची गाडी होती. शेड होती फार तर दोनशे पावलांवर.

मी पेन्सिलीने लिहिलं : पाणी, चाचणी नको. वरिष्ठांनी सही केली. विहिरीत सिमेंट भरून ती बंद केली, रिग हलली.

२००३ मध्ये तिथून दोनेक किलोमीटरवर दुसरी विहीर झाली. तेव्हा मी दुसरीकडे होतो. एके दिवशी तिथल्या एका ज्युनिअरचा फोन आला. "सर, नव्या विहिरीत तो पट्टा तसाच आहे, पण भिंतीच्या चित्रात वाळूचे थर दिसतायत, दोन ते चार सेंटीमीटरचे. जवळजवळ निम्मी वाळू आहे. चाचणी घेतली, तेल आलं." मग जरा चाचरत म्हणाला, "तुमच्या जुन्या विहिरीचा कोअर पण काढून बघितला. फोटो पाठवतो."

कोअर अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली ठेवला की तेल असलेली वाळू चमकते आणि शेल काळा राहतो. फोटोत सोनेरी आणि काळे पट्टे होते, एकाआड एक, नऊ मीटर. झेब्र्यासारखे. माझं सूत्र त्या वाळूसाठी पुन्हा लावून पाहिलं. दोनऐवजी थराचा खरा रोध वीस धरला, तर पाणी त्रेसष्ट नव्हे, वीस टक्के. अठरा मीटरमध्ये नऊ मीटर तेलाची वाळू, आणि ती मी दोन शब्दांत बंद करून टाकली होती.

सुरुवातीला मी स्वतःची समजूत घातली की १९८९ मध्ये आमच्याकडे ते चित्र काढणारं उपकरण नव्हतं, तीन दिशांचं तर कुणाकडेच नव्हतं. हे खरंच आहे. बरीच वर्षं मी हेच सांगत आलो, प्रशिक्षणाला येणाऱ्या मुलांनाही. पण वर दिलेली सालं वाचली आणि ती सबब उरली नाही. १९३२, १९५४, १९५८, १९७५. थॉमस-स्टीबरचा आलेख तर मी स्वतः शिकलो होतो, परीक्षेत काढला होता. आणि ते सगळं राहू दे, पेट्या दोनशे पावलांवर होत्या. त्या बघायला कुठलंच नवं उपकरण लागत नव्हतं.

लॉग खोटं बोलला नव्हता, हे मला महत्त्वाचं वाटतं. दोन ओहम हे मोजमाप अचूक होतं. त्या अठरा मीटरमधून आडव्या जाणाऱ्या विजेला खरोखरच दोन ओहमचा रोध होत होता. चूक झाली ती त्या आकड्याला एकाच गोष्टीचा आकडा समजण्यात. तो दोन अगदी वेगळ्या गोष्टींचा मिळून एक आकडा होता, आणि त्यातली कुठली गोष्ट बोलतेय आणि कुठली गप्प आहे, हे विचारायचं माझं काम होतं. निवृत्तीनंतर पेपरात कुठल्याही गोष्टीची सरासरी वाचली की मला आधी ते पट्टे दिसतात. सवय लागली, दुसरं काय.

पुतण्या सगळं ऐकून म्हणाला, "मग काका, ती तुमची विहीर परत उघडली का?"

नाही. इतक्या जुन्या, सिमेंट भरलेल्या विहिरी सहसा कुणी उघडत नाही. नवीन विहिरीने आजूबाजूचं जे निघायचं ते निघालं असेल. माझ्या विहिरीजवळचं बहुधा तसंच राहिलं असेल, त्या पातळ पातळ थरांत.

ट्रंकेतले बाकीचे कागद रद्दीत गेले. सौ.ला आश्चर्यच वाटलं, कारण तिने विचारायच्या आधीच मी "टाका" म्हणालो. तो एक मात्र घडी घालून माझ्या टेबलाच्या खणात ठेवलाय. पुतण्याने करंजी हातात घेऊन, फोडून, पदर मोजायला सुरुवात केली होती. सतरापर्यंत पोचला आणि मग खाऊन टाकली.

असो. फराळाच्या डब्यांची झाकणं लावायला हाक आलीय. तुमच्या कुणाच्या धंद्यात अशी 'दोन ओहम'ची गोष्ट असेल तर जरूर कळवा.